काळी वायर

६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

"पूर्ण काळोख कुठेच नसतो गं. दार उघड आणि पायरीकडे बघ."

काका हे म्हणाले त्याला वीस वर्षं होऊन गेली. पण काल शेडचं शटर वर ढकललं, तुमची घरगाडी समोर दिसली, आणि पहिलं तेच आठवलं. आई गेली त्या वर्षी तुम्ही दोघांनी मला ह्याच गाडीतून महिनाभर फिरवलंत. पंचविशीची घोडी मी, आणि रात्री गाडीबाहेर पाय टाकायला घाबरत होते. काका पलंगावरून, डोळेही न उघडता, तेवढंच बोलले. मी दार उघडलं. पायरीखाली मातीवर दुधात पाणी घातल्यासारखा उजेड पडला होता. चंद्र नव्हता, आसपास एक घर नव्हतं. मी उतरले, जाऊन आले, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा सलग झोपले. तेव्हापासून मी ते वाक्य अक्षरशः खरं धरून चालते. लोकांना मी काळोखच शिवून देते, खोलीत किरणसुद्धा येऊ नये असे जाड अस्तराचे पडदे, पण माझ्या स्वतःच्या खिडकीला पडदा नाही. हसू नकोस.

आता कामाचं. फोनवर तू सांगितलंस त्यातलं मला निम्मं कळलं आणि मी विचारलेलं तुला निम्मं ऐकू आलं, म्हणून लिहिते आहे. दादाने गाडी स्वतः चालवत आणली, कारखान्यामागच्या शेडमध्ये कापडाच्या ताग्यांशेजारी लावली आणि "आईचं सामान सांभाळ" म्हणून किल्ली माझ्या हातात ठेवून गेला. काका गेल्यापासून वर्षभर ती तुमच्या अंगणात घरच्या विजेला जोडून उभी होती, त्यामुळे तिची काळजी कोणाला करावी लागली नाही, असं तो म्हणाला. आता अंगण गेलं, घर गेलं, तू पाचव्या मजल्यावर त्याच्याकडे, आणि ही माझ्याकडे.

पलंगाची फळी उचलून बघितली. खाली गाडीतल्या दिव्यांच्या आणि पाण्याच्या पंपाच्या दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी. काकांनी चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय, एकीवर 'थोरली', दुसरीवर 'धाकटी'. दोघी एकाच दिवशी आणलेल्या असणार, मग थोरली कोण हे ठरलं कसं? मी मीटर लावला. हाताला दोघी अगदी गार लागत होत्या, दगडासारख्या. तरी आकडा उठला, बारा आणि वर काहीतरी. म्हणजे कोणी बघत नाही, कोणी मागत नाही, आणि ह्या आत एवढं धरून बसल्या आहेत. फळी हळूच परत ठेवली. मला काय करायचं ते नीट, पहिलीतल्या मुलाला सांगतात तसं सांग.

तुझी,
ठकू

१५ नोव्हेंबर

ठकू,

पत्र मिळालं. अक्षर अजून उंदीर पळाल्यासारखंच आहे.

थोरली-धाकटीचं सांगते. दुकानदाराने जी आधी हातात दिली ती थोरली. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि घरात हे असं गणित चालायचं.

आता ऐक. बॅटरी नुसती उभी राहिली तर तिचं काही बिघडत नाही. उपाशी उभी राहिली तर बिघडतं. मीटर साडेबाराच्या वर असला की पोट भरलेलं समज. बाराच्या जवळ आला की उपास चाललाय. त्याच्या खाली बरेच दिवस राहिली की आतल्या पत्र्यांवर पांढरं मीठ धरतं आणि मग कितीही भर, पोटात काही राहत नाही. तेव्हा आधी दोघींना पोटभर भर. झाकणं उघडून पाणी बघ, पत्रे बुडालेले हवेत. कमी असेल तर बॅटरीचं पाणी घाल, नळाचं नाही. टोकांवर पांढरी भुकटी आली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घास, पुसून कोरडं कर. चार्जर तुझ्या काकांच्या वेळचा आहे, त्याला थांबणं माहीत नाही. विसरलीस तर पाणी उकळून उडवून देईल. अंगणात होती तेव्हा मीच आठवड्यातून एकदा लावून शेजारी बसायचे, दादाला वाटतं ती कायम जोडलेली होती. म्हणून तो लावलास की शेजारी काहीतरी शिवायला घेऊन बस. झालं की दाराजवळचं मोठं बटण बंद कर. त्याने गाडीतले दिवे, पंप, सगळं तुटतं. काळी वायर काढून ठेवतात म्हणे लोक, पण काकांनी कधी काढली नाही. बटण पुरे, म्हणायचे. तूही सध्या बटणावरच ठेव.

हे एवढं सगळं कशासाठी, तेही सांगते. दादा म्हणतो, विकून टाकू. त्याचं चुकतंय असं नाही. आमचं ठरलंय ते असं. एप्रिलात तो तुझ्याकडे येईल आणि बटण चालू करेल. गाडीतले दिवे आणि पंप तिच्या स्वतःच्या बॅटऱ्यांवर नीट चालले तर आणखी वर्षभर ठेवायची. नाही चालले तर त्याच आठवड्यात भंगारात. मी हो म्हटलंय. म्हणजे सगळं तुझ्या त्या दोघींवर आहे.

मी स्वतः मात्र पुन्हा त्या गाडीत पाऊल ठेवणार नाही. आधीच सांगते, म्हणजे तू आडून आडून विचारणार नाहीस. मग ठेवायची कशाला, असं दादा विचारतो. मी त्याला चहा ठेवायला सांगते.

काळोखाचं म्हणशील, तर तुझे काका खोटं बोलत नसत. मलाही त्या गाडीत पूर्ण काळोख कधी भेटला नाही.

गाडीत काही वेगळं दिसलं तर कळव.

मावशी

१४ डिसेंबर

प्रिय मावशी,

तुझ्या बॅटऱ्यांकडे चोर येतो.

मी दोघींना पोटभर भरलं. चार्जर लावून शेजारी एका हॉटेलच्या पडद्यांच्या सगळ्या पट्ट्या दुमडल्या, इतका वेळ बसले. पाणी घातलं, टोकं घासली, मोठं बटण बंद केलं. इंजिनाच्या बॅटरीची वायर दादा जातानाच काढून गेला होता, ती तर आहे तशी आहे, ताठ. आणि ह्या दोघी महिनाभरात बाराच्या जवळ आल्या. बटण बंद. आत एक दिवा नाही. रेडिओ नाही. मग गेलं कुठे?

कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याने थोरलीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "म्हाताऱ्या झाल्यात, ताई. नव्या टाका."

मी म्हटलं, "तुमच्या दुकानात आलेली बॅटरी तुम्हाला कधी तरुण दिसली आहे का?"

"दिसली की," तो म्हणाला, "पण ती दुसऱ्या दुकानातून घेतलेली नसते."

निघताना त्याने एक गोष्ट सांगितली आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीत ठेवली तरी गोठत नाही. रिकामी झाली की आत जवळजवळ नुसतं पाणी उरतं, आणि ते गोठून डबा फुटतो. बाहेरून बघशील तर दोन्ही सारख्याच, तोच डबा, तीच झाकणं. माणसांचंही असं असेल का गं? मी रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, हाच विचार करत होते.

इथे थंडी वाढायला लागली आहे. सकाळी शेडच्या पत्र्याला हात लावला तर बोटं बधिर होतात. म्हणून मी दोघींना एक दुलई शिवली आहे. बाहेरून पडद्याचं अस्तर, मध्ये कापूस, मापात. थोरलीच्या बाजूला दोन बंदही लावले. छान दिसतात.

ठकू

२२ डिसेंबर

ठकू,

तुझं पत्र सूनबाईला वाचून दाखवलं. दुलईपाशी आम्ही दोघी इतक्या हसलो की दादा स्वयंपाकघरातून बघायला आला.

दुलई काढ. दुलई ऊब देत नाही, अंगची ऊब धरून ठेवते. बॅटरीला अंगची ऊब कुठली? शिवाय भरताना ती वायू सोडते, तिला असं कोंडून ठेवणं बरं नव्हे. दुलई मला पाठव. माझे गुडघे दोन आहेत, मापात बसतील.

म्हाताऱ्या वगैरे काही झालेल्या नाहीत. पुन्हा भर, आणि ह्या वेळी काळी वायर काढ. बटणावर विसंबू नकोस. दोघी एकमेकींना जोडलेल्या आहेत, तेव्हा थोरलीच्या टोकाची काढलीस की पुरे. पाना ड्रायव्हरच्या सीटखाली मिळेल. काळीच काढायची, लाल नाही. काढल्यावर ती परत टोकाला टेकू नये म्हणून कापडात गुंडाळ, कापडाची तुला काय कमी. त्या नटाखाली आणखी काही बारीकसारीक अडकवलेलं असलं तर तेही त्याबरोबर सुटेल. सुटू दे.

काढ म्हणजे काढ. आणि काढलीस की लिही.

मावशी

९ जानेवारी
(हे पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, आणि टाकलं नाही.)

प्रिय मावशी,

चोर सापडला.

आज दुपारी पाना घेऊन शेडमध्ये गेले. वारा सुटला होता, धूळ थेट ताग्यांवर येत होती, म्हणून आत जाऊन शटर खाली ओढलं. विजेरी कारखान्यातच राहिलेली. डोळे सरावेपर्यंत उभं राहावं म्हटलं. आणि मग दिसलं. गाडीच्या दाराखाली, सिमेंटवर, दुधात पाणी घातल्यासारखा उजेड.

मला वाटलं शटरला कुठे फट आहे. हाताने फट शोधली, नव्हती. मग साडीचा विचार न करता जमिनीवर आडवी झाले आणि पायरीखाली बघितलं. पायरीच्या मागे डब्याच्या पत्र्याचं एक झाकण वाकवून लावलंय आणि त्याच्याआड नखाएवढा बल्ब. झाकण अशा बेताने वाकवलंय की बल्ब कुठूनही दिसत नाही, फक्त उजेड खाली सांडतो. वायरला काकांची काळी चिकटपट्टी, आणि पट्टी सुटू नये म्हणून वर दोऱ्याची गाठ. काकांची ती गाठ मी कुठेही ओळखेन. वायर गाडीच्या तळातून आत जाते, मोठ्या बटणाला वळसा घालते आणि थेट थोरलीच्या टोकांना जाऊन मिळते. बटण बंद करा, चालू करा, तिला काही देणंघेणं नाही.

म्हणजे वीस वर्षं मी जगाचे आभार मानत होते, आणि ते काका होते.

वाटलं होतं, फसवल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मी तशीच पडून राहिले, गाल सिमेंटला लागलेला, आणि बघत राहिले. शेड बंद. गाडी बंद. ज्या पायरीवरून कोणी उतरत नाही तिच्याखाली हा आठवड्यामागून आठवडे जळतोय. ज्याने लावला तो माणूस गेला त्यालाही वर्ष उलटलं. थोरली आणि धाकटी आपल्या पोटातलं काढून काढून ह्याला देत होत्या, आणि मी त्यांना दुलई शिवत होते.

पाना हातातच होता. वायर काढली की हा विझणार. नाही काढली तर ह्या दोघी झिजत झिजत मरणार, आणि एप्रिलात गाडी भंगारात जाणार.

आणि तू. तू लिहिलंस, मलाही पूर्ण काळोख कधी भेटला नाही. तुला ठाऊकच नाही, मावशी. त्यांनी तुझ्यासाठी हे केलं आणि तुला कधी सांगितलं नाही. ते त्यांनी सांगितलं नाही, तर मी कोण सांगणारी?

१२ जानेवारी

प्रिय मावशी,

वायर काढली. कापडात गुंडाळली. सगळं ठीक आहे. दुलई वेगळ्या पार्सलने पाठवली आहे, बंद गुडघ्याच्या मागे येतील असे बांध.

सहज विचारते. तुला काळोखाची भीती वाटायची का गं?

ठकू

२३ जानेवारी

ठकू,

दुलई पोचली. उजवा गुडघा थोरला ठरवला आहे.

काळोखाचं काय विचारतेस? वर्गात चाळीस पोरं असायची आणि वीज जायची, तेव्हा वाटायची.

तू एवढंसं पत्र लिहिलंस आणि त्यात आकडा नाही. असं तू कधी करत नाहीस. पुढच्या पत्रात मीटरचा आकडा कळव. भरल्या दिवशीचा आणि महिन्यानंतरचा, दोन्ही.

मावशी

१६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

आकडा मागितलास म्हणून देते. मागच्या महिन्यात भरल्या तेव्हा बारा पॉइंट सात. काल बारा पॉइंट दोन. थंडीमुळे असेल. ह्या वर्षी फारच पडली आहे, सकाळी शेडच्या नळाखाली हात धरवत नाही. आज पुन्हा चार्जर लावलाय आणि शेजारी बसूनच हे लिहिते आहे. धाकटी हल्ली लवकर दमते, पण मी आहे. दर आठवड्याला भरावं लागलं तरी भरीन. एप्रिलपर्यंत काही होऊ देणार नाही.

माझ्या बायका म्हणतात, बाई हल्ली जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये जाऊन शटर ओढून का बसतात? मी सांगितलं, अस्तराचं कापड तपासते, किरण येतो का बघायला काळोखच लागतो. ते खोटंही नाही.

खरं तर मला तिथे बरं वाटतं. बसल्या बसल्या वाटतं, आपल्याला न सांगता आपल्यासाठी केवढं काय काय चाललेलं असतं. आपण झोपलेलो असतो तेव्हाही.

ठकू

२५ फेब्रुवारी

ठकू,

तू गणितात कच्ची होतीस, हे मला माहीत होतं. खोटं बोलण्यात एवढी कच्ची असशील असं वाटलं नव्हतं.

वायर काढलेली बॅटरी थंडीत जास्त उतरत नाही. कमी उतरते. थंडीत ती जपून असते, उन्हाळ्यात आपसूक उतरते. इतकं उतरायचं तर कोणीतरी अहोरात्र, एकाच मापाने, थोडं थोडं पीत असलं पाहिजे. मी पाकिटाच्या मागे भागाकार केला. उत्तर आलं, एक बारका बल्ब.

तेव्हा तू वायर काढलेली नाहीस. आणि काढली नाहीस, म्हणजे तू तो बघितलास.

मला ठाऊक आहे, पोरी. पहिल्यापासून ठाऊक आहे. आणि तू समजतेस तसं ते नाही. मी काळोखाला कधीच घाबरले नाही. मी पालीला घाबरते, ते सगळ्या शाळेला माहीत आहे.

तुझ्या आठवणीत एक रात्र गळली आहे. काका ते वाक्य म्हणाले ती दुसरी रात्र. पहिल्या रात्री तू दार उघडलंस, बाहेर बघितलंस, आणि लावून घेतलंस. मग पाय पोटाशी घेऊन सकाळपर्यंत बसून राहिलीस. आम्ही दोघं जागे होतो. तू संकोचशील म्हणून बोललो नाही. सकाळी तू नदीवर तोंड धुवायला गेलीस आणि हे पायरीखाली उताणे. मी विचारलं, "काय चाललंय?" म्हणाले, "पायरी ढिली आहे." पायरी ढिली असेल तर डॅशबोर्डातला बल्ब कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी आमचा वेगाचा काटा रात्री दिसेनासा झाला तो कायमचा. आणि मग रात्री, डोळे मिटून, एखाद्या साधूसारखं ते वाक्य.

तुला घरी सोडल्यावर काढतील असं मला वाटलं. नाही काढला. दर वर्षी निघताना ते म्हणायचे, ठकूला विचार, येते का. मी विचारायचे. तू म्हणायचीस, ऑर्डरी आहेत. ह्यात तुला बोल लावत नाही, ऑर्डरी होत्याच. पण तू पुढच्या वर्षी येशील, हे त्यांनी धरलेलंच असायचं.

पुढे एका रात्री मी खाली उतरले आणि पाय काळोखात पडला. बल्ब गेला होता. सकाळी ते पाणी भरायला गेले तेव्हा मी गावातून नवा आणला आणि माझ्या भुवयांच्या चिमट्याने बसवला. बोटं आत जात नाहीत ना. त्यांना सांगितलं नाही. का, ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. एवढ्या हौसेने लपवलेली गोष्ट, ती मला माहीत आहे हे कळलं असतं तर त्यांचा चेहरा उतरला असता. मग दर काही वर्षांनी मी तेच करत आले. आणि तो भला माणूस लोकांना सांगत सुटला की जुन्या काळचे बल्ब ते जुन्या काळचे, आमच्याकडे एक आहे तो अजून गेलेला नाही. लोक विचारायचे, कुठे आहे? तर विषय बदलायचे. एकदा माझ्यासमोरच पायरीकडे बघून स्वतःशी म्हणाले, "कमाल आहे." मी भाजी निवडत होते. मान वर केली नाही.

तेवढ्याशा घरात, उठलं की डोकं आपटायचं आणि बसलं की गुडघा, आम्ही एकमेकांपासून एक बल्ब लपवून ठेवला होता.

शेवटचा मी बदलला तो ते दवाखान्यात असताना. गाडी अंगणात उभी होती, कोणी कुठे जाणार नव्हतं. का बदलला ते विचारू नकोस. नोव्हेंबरात तुला वायर काढू नकोस म्हटलं, तेही त्याच खात्यात टाक. वाटलं, आणखी काही दिवस जळू दे.

पण आता काढ. तुला पायरीखाली उतरवायचं होतं, ते त्याने उतरवलं. बॅटऱ्या जगल्या पाहिजेत. विझू दे.

मावशी

१६ मार्च

प्रिय मावशी,

जानेवारीत लिहून न टाकलेलं पत्र सोबत पाठवते. वाचशील तेव्हा कळेल, मी किती शहाणी आहे ते.

तुझं पत्र कारखान्यात, मशीनवर बसून वाचलं. मग मशीन बंद केलं. शेजारची म्हणाली, "बाई, काही वाईट बातमी?" मी म्हटलं, नाही. मग काय, हे मला तिला सांगता येईना. वीस वर्षं कोणीतरी माझ्यासाठी पायरीपाशी दिवा लावून ठेवला होता, आणि दुसरं कोणीतरी तो विझू देत नव्हतं, आणि मी इथे लोकांच्या खिडक्या बुजवत होते. एवढं मोठं कोणाला सांगायचं तर आधी ते आपल्या अंगात मावायला हवं. अजून मावत नाही.

वायर काढली. ह्या वेळी खरंच. आधी दोघींना पोटभर भरलं. मग शटर ओढलं, दार उघडं ठेवलं, फळी उचलली, आणि चाचपडतच पाना लावला. नट सैल झाला तसा उजेड एकदा लुकलुकला. वायर उचलली तेव्हा गेला. मी पटकन जाऊन पायरीखाली बघितलं, पण बल्बाच्या तारेत लालीही उरली नव्हती.

काळोख पूर्ण होता, मावशी. पहिल्यांदाच भेटला. मी पायरीवर बसले. स्वतःचा हातही दिसत नव्हता. भीती येईल म्हणून वाट बघितली. आली नाही. गाडी माझ्या पाठीशी होती, तिच्या पोटात थोरली आणि धाकटी भरलेल्या, काही न मागता, काही न देता, नुसत्या धरून बसलेल्या. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तुम्ही दोघं पहिल्या रात्री जागे होतात, बोलला नाहीत, ते असंच असणार.

आज मीटर लावला. बारा पॉइंट सात. भरल्या दिवशी होता तोच. धाकटी थोडी अशक्त झाली आहे, ती माझ्यामुळे, पण उभी आहे. बॅटरीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "म्हाताऱ्या आहेत, पण घरच्या आहेत." एप्रिलात दादाचे दिवे लागतील आणि पंपही चालेल, असं मला वाटतं. भंगारवाल्याला दुसरीकडे बघावं लागेल.

आता एक मागणं. गाडीत पाऊल ठेवणार नाहीस हे तू नोव्हेंबरातच बजावून ठेवलं आहेस. तुझे गुडघे, पाच मजले, दिवसभराचा प्रवास, हे सगळं मला पाठ आहे. दादा म्हणेल, आईला कशाला. सूनबाई म्हणेल, उन्हाचं कशाला. आणि तू म्हणशील, काळी वायर काय, तुलाही जोडता येते. येते. पण मी ती जोडणार नाही, दादालाही जोडू देणार नाही. ती तुझ्या हाताने टोकावर बसावी, शटर खाली असावं, आणि आपण दोघींनी पायरीकडे बघावं. तुला आत जायलाही नको, मी तुझ्यासाठी बाहेर खुर्ची ठेवीन, पाना तुझ्या हातात देईन आणि थोरली उचलून दाराशी आणीन. दिवा लागेल किंवा लागणार नाही. बल्ब जुना आहे, तार एकदा थंड पडली की पुन्हा धरेलच असं नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

तू नाही म्हणशील. पाकीट बंद करण्याआधीच मला तुझं ते 'नाही' ऐकू येतंय, खडूने फळ्यावर लिहिल्यासारखं. तरी विचारते.

एप्रिलात दादाबरोबर ये. आणि येताना तो भुवयांचा चिमटा घेऊन ये.

तुझी,
ठकू